अय्यनारचे घोडे

तामिळनाडूतील पुदुकोट्टईहून तिरुमयमकडे जाताना नमनसमुद्रम हे गाव लागते. १९४८ पर्यंत हा मुलूख पुदुकोट्टई संस्थानात मोडत असे. येथील अय्यनारचे देऊळ उंच गोपुरासाठी प्रसिद्ध नाही. प्रवाशाचे पाऊल थबकते ते देवळाच्या वाटेवर. झाडांच्या सावलीत, दोन्ही बाजूंना, भाजलेल्या मातीचे शेकडो घोडे दाटीने उभे असतात. काहींवर रंगाच्या खुणा उरल्या आहेत. काहींचे कान गळाले आहेत. काहींची तर नुसती खापरे झाली आहेत.

अय्यनार हा गावाच्या शिवेचा राखणदार. रात्री घोड्यावर बसून तो फेरी घालतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणून पाऊस पडावा, मूल व्हावे, दुखणे हटावे यासाठी बोललेला नवस घोडा वाहून फेडतात.

हे घोडे घडविणारे कुंभार वेळार या नावाने ओळखले जातात. कित्येक ठिकाणी अय्यनारची पूजाही त्यांच्याकडेच असते. गावाने मूठभर माती कुंभाराच्या हाती दिली म्हणजे कामास आरंभ होतो. मातीत वाळू व भाताचे तूस मिसळतात. प्रथम चार पोकळ पाय उभे राहतात. ते भार सोसण्याइतके आवळले की पोट, मग मान आणि अखेरीस मस्तक चढते. पाय फार ओले राहिले तर घोडा बसतो. फार वाळले तर वरची माती सांधत नाही. ही वेळ कुंभाराची बोटेच ओळखतात. पुढे पेंढा, गोवऱ्या व लाकूड रचून घोडा भाजतात.

मग रंगकाम. आधी चुन्याचा हात, त्यावर तांबडा, पिवळा, निळा असे ठळक रंग. लगाम, खोगीर, गळ्यातील घुंगरमाळा उठून दिसू लागतात. उत्सवाच्या दिवशी डोळे उघडण्याचा विधी होतो आणि वाजतगाजत घोडा देवाकडे नेतात. या मिरवणुकीला ‘पुरवी एडुप्पु’, म्हणजे घोडा उचलणे, असे नाव आहे.

त्यानंतर ऊन आणि पाऊस आपले काम करतात. उडालेल्या रंगाची खंत बाळगण्याची जुनी रीत नाही. नवा नवस, नवा घोडा, नवा रंग. जुना घोडा हळूहळू मातीस मिळतो.

अलीकडे मात्र बऱ्याच गावी सिमेंटचे घोडे उभे राहिले आहेत. उत्सव जवळ आला की त्यांवर चकचकीत तैलरंगाचा नवा हात फिरतो. गावकऱ्यांना दोष कसा द्यावा? एकदा खर्च केला की पुष्कळ वर्षांची निश्चिंती होते. तैलरंग मातीच्या जुन्या घोड्यालाही लावता येतो. पण मातीतील ओल आत कोंडते आणि रंगाचे पोपडे सुटतात.

प्रश्न केवळ रंगाचा नाही. सिमेंटच्या घोड्याला रंगारी पुरतो, कुंभार लागत नाही. दिल्लीच्या शिल्प संग्रहालयात अय्यनारचे घोडे जपून ठेवले आहेत, ही आनंदाची गोष्ट. परंतु पाय केव्हा आवळला हे ओळखणारे बोट संग्रहालयात ठेवता येत नाही. मुलाने बापाशेजारी बसून घोडा घडविला, तरच ते शहाणपण पुढे जाते. त्यासाठी जुना घोडा झिजला पाहिजे, आणि गावाने पुन्हा मूठभर माती कुंभाराच्या हाती दिली पाहिजे.