मी आहे ना

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भावाला एसटी स्टँडवर सोडायला मीच जाते. गाडी लागेपर्यंत फलाटावर आमचं काहीबाही चालू असतं. पाण्याची बाटली घेतलीस का, खिडकी मिळेल का, आईच्या गुडघ्याचं काय करायचं. बोलायचं असतं ते राहूनच जातं. चित्रपट संकलनात माझी २० वर्षं गेली, पण त्या फलाटावर मला दर वेळी एकच सिनेमा आठवतो. केनेथ लोनर्गनचा 'यू कॅन काउंट ऑन मी'.

२००० सालचा हा सिनेमा. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिलच्या डोंगरांत एक लहानसं गाव आहे, स्कॉट्सव्हिल. गाव काल्पनिक, पण चित्रीकरण त्याच मुलखातलं. आईवडील लहानपणीच अपघातात गेलेली दोन भावंडं आता मोठी झाली आहेत. सॅमी आईवडिलांच्याच घरात राहते, बँकेत नोकरी करते, मुलाला एकटीने वाढवते. टेरी गाव सोडून भटकतो आणि पैसे संपले की उगवतो. लॉरा लिनी आणि मार्क रफालो यांना मी इतक्या वेळा पाहिलंय, की ती दोघं माझ्या ओळखीतली वाटतात. सनडान्स महोत्सवात या सिनेमाला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला, लिनीला आणि पटकथेला ऑस्करची नामांकनंही मिळाली.

लोनर्गन मूळचा नाटककार, दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच सिनेमा. त्यामुळे माणसं इथे भरपूर बोलतात. पण कात्री कुठे चालली आहे, ते बघा. सुरुवातीला अपघातानंतर पोलीस दारात येतो. मुलांना सांभाळणारी मुलगी दार उघडते. तो तिला बाहेर बोलावतो, दार ओढून घ्यायला लावतो आणि तिच्याकडे बघत राहतो. कसं सांगावं, हे त्याला सुचत नाही. तो तोंड उघडण्याआधीच कट. ती बातमी आपण कधीच ऐकत नाही. एरवी वाक्य पूर्ण व्हावं, समोरच्याच्या चेहऱ्यावर ते उमटावं आणि मग कापावं, ही आमची रोजची सवय. इथे वाक्यच नाही, आणि तरी पोटात खड्डा पडतो.

भाऊ बेजबाबदार, बहीण शहाणी, असा सोपा हिशेबही लोनर्गन मांडत नाही. कितीतरी दिवसांनी भाऊ येणार म्हणून सॅमी हरखलेली असते आणि हॉटेलात जेवताना तो तुरुंगात जाऊन आल्याचं सांगतो. तिचा संताप आपल्याला पटतो. पण मग तीच आपल्या विवाहित साहेबाच्या भानगडीत अडकते. पाद्र्याकडे जाते, तेव्हा तो समजुतीने बोलतो, आणि तिला तर हवी असते खरमरीत झाडणी. हा पाद्री खुद्द लोनर्गनने केला आहे. स्वतःच लिहिलेल्या पात्राला तो समोर बसवून ऐकून घेतो आणि निवाडा मात्र देत नाही. मला तो प्रसंग फार जवळचा वाटतो.

शेवटी बसथांब्याच्या बाकावर दोघं बसतात. भाच्यावरून बिनसलंय, तिनेच त्याला जायला सांगितलंय, आणि आता रडू तिलाच आवरत नाही. आयुष्यभर जो भरवशाचा नव्हता, तो तिला सावरतो. लहानपणी आपण एकमेकांना काय म्हणायचो, आठवतं का, असं विचारतो. आठवतं, म्हणते ती. ते वाक्य कुणीच उच्चारत नाही. ते फक्त सिनेमाच्या नावात आहे. मराठीत त्याला मी 'मी आहे ना' म्हणेन.

विद्यार्थ्यांना हा प्रसंग दाखवला की कुणीतरी म्हणतंच, एकदा बोलायला काय हरकत होती? मी ती चौकट थांबवते आणि लिनीचा चेहरा बघायला सांगते. तिने ते वाक्य ऐकलेलं आहे. टेरीने ते बोलून दाखवलं असतं, तर ते आपल्यासाठी झालं असतं, तिच्यासाठी नव्हे. ही जागा कुठल्याही संकलन टेबलावर सापडत नाही. लिहिणाऱ्याने आपल्या माणसांवर तेवढा विश्वास टाकलेला असावा लागतो.

गेल्या वर्षी गाडी हलली, तेव्हा भावाने खिडकीची काच सरकवली. मला वाटलं, काही विसरला. "आईच्या गुडघ्याचं मी बघतो," एवढंच म्हणाला आणि काच पुन्हा लावून घेतली.