रिकाम्या बाकाशेजारी

शाळेत सुखाचे सोहळे साजरे करण्याची रीत आपण उत्तम बसविली आहे. स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ, निरोप समारंभ या प्रत्येकाची कार्यक्रमपत्रिका ठरलेली असते. दुःखाला मात्र कार्यक्रमपत्रिका नाही. एखाद्या मुलाचे वडील जातात, एखाद्या शिक्षिकेचे पती जातात. प्रार्थनेनंतर दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते आणि तिसऱ्या मिनिटाला पहिल्या तासाची घंटा होते. पुढे कसे वागावयाचे, हे कोणालाच ठाऊक नसते.

मी सातवीत असताना माझी आई वारली. तेरावा आटोपून शाळेत गेले, तेव्हा सारा वर्ग एकदम गप्प झाला. मैत्रिणी निष्ठुर नव्हत्या. आपल्या तोंडून भलतेच काही निघेल, या भयाने त्या अबोल झाल्या होत्या. घरी मात्र 'आता तूच धाकट्यांची आई', 'रडू नकोस, तिच्या आत्म्याला क्लेश होतील', असे पुष्कळ ऐकले होते. बोलणाऱ्यांचा हेतू प्रेमळ होता, पण बारा वर्षांच्या मुलीला ते ओझेच होते. बाकावरील शेजारणीने एक वही माझ्यापुढे सरकविली. दोन आठवड्यांचा बुडालेला सारा अभ्यास तिने स्वहस्ते उतरवून ठेवला होता. ती काही बोलली नाही. माझी जागा कोणीतरी राखून ठेवली आहे, एवढे मला कळले.

आज शिक्षिका म्हणून मी वर्गात उभी राहते, तेव्हा एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. मुलांचे दुःख मोठ्यांच्या दुःखासारखे सलग वाहत नाही. मूल खेळते, हसते आणि भूगोलाच्या तासाला अकस्मात डोळे पुसू लागते. 'याला काही वाटतच नाही', असा निष्कर्ष कोणी काढू नये. पाच वर्षांच्या बालकास गेलेले माणूस परत येईल असे वाटत असते. मृत्यू कायमचा असतो, ही समज बहुधा सहा-सात वर्षांच्या सुमारास येऊ लागते. 'आजोबा झोपले' असे सांगितले, तर ते बालक स्वतः झोपावयास भिऊ लागते. 'वारले' हा शब्द कठोर वाटला, तरी तोच अधिक दयाळू होय.

शोक तेराव्याला संपत नाही. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही आणावयाची असते, त्या दिवशी तो पुन्हा जागा होतो. म्हणून फळ्यावर 'माझी आई' हा निबंधाचा विषय लिहिताना मी शेजारी दुसराही एक विषय लिहिते. साने गुरुजींच्या मातोश्री १९१७ साली निवर्तल्या; 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. मधली सोळा वर्षे ते दुःख आत जपलेलेच होते. त्या पुस्तकातील श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो आणि सोबती त्या ऐकतात. दुःखाला उपदेशक नको असतो, श्रोता हवा असतो.

शिक्षकही माणसेच आहेत. २०२० व २०२१ या करोनाच्या वर्षांत कित्येक शिक्षकांनी घरचे माणूस गमावले आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलच्या पडद्यावर तास घेतला. विद्यार्थ्यांचे दुःखही तेव्हा त्या पडद्याआडच राहिले. पडद्यावर नाव दिसे, पण शेजारी बसता येत नसे. नुसते शेजारी बसण्याचे मोल आपणांस तेव्हा उमगले.

विद्यार्थिमित्रांनो, सांत्वनाला मोठे शब्द लागत नाहीत. 'तुझे बाबा गेल्याचे कळले, मला फार वाईट वाटले', एवढे सरळ म्हणावे. गेलेल्या माणसाचे नाव टाळू नये. डबा खाताना सोबत बोलवावे, खेळात घ्यावे, आणि नको म्हटल्यास रागावू नये. शोकानंतर प्रथमच वर्गावर येणाऱ्या शिक्षकांना शांतपणे नमस्कार करावा आणि तो तास त्यांना जड जाऊ देऊ नये. गणित आणि व्याकरण शाळा शिकवितेच. दुसऱ्याच्या दुःखापाशी न पळता थांबणे, हाही एक पाठ आहे. त्याची परीक्षा कोणत्याही दिवशी, पूर्वसूचनेवाचून होते.