विशेषणाचे सोबती

इंग्रजी विशेषणाचा अर्थ आपण कोशांत पाहतों. त्याच्यापुढें कोणतें शब्दयोगी अव्यय येतें तें मात्र बहुधा कोणी पाहत नाहीं. अर्थ समजला कीं काम झालें; ‘ऑफ’, ‘ॲट’, ‘विथ’ हीं चिल्लर नाणीं, खिशांत हात घालून लागेल तें काढावें, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचें मत निराळें आहे. हें अव्यय विशेषणाचा सोबती असतें आणि सोबती बदलला कीं विशेषणाचा स्वभावहि बदलतो.

मराठींत तरी वेगळें काय आहे? आपण वाघाला भितों, मुलावर रागावतों, शेजाऱ्याशीं भांडतों. भीतीस ‘ला’ आणि रागास ‘वर’ कां, असें कोणी विचारल्यास आपणांस उत्तर देतां येत नाहीं. बोईसर-तारापूरच्या बाजूस राहणारांस हा प्रश्न वारंवार भेटतो. तारापुरास १९६९ सालीं अणुवीजकेंद्र सुरू झालें, पुढें बोईसरजवळ औद्योगिक वसाहत वाढली, आणि सर्व प्रांतांतील माणसें येथें येऊन राहिलीं. उत्तरेकडील एखादे गृहस्थ हौसेनें मराठी बोलूं लागतात आणि ‘मी कुत्र्यापासून घाबरतो’ असें म्हणतात, तेव्हां घरांतील मुलें हंसूं दाबतात. हिंदींत भीतीस ‘से’ लागतो. तो त्यांनीं बरोबर आणलेला असतो. आम्हीहि इंग्रजींत हेंच करितों. लग्न कोणाशीं तरी होतें, म्हणून आम्ही ‘मॅरिड विथ’ लिहितों. इंग्रज ‘मॅरिड टु’ म्हणतो. मुलगी गणितांत हुषार, म्हणून ‘गुड इन’. तो म्हणतो ‘गुड ॲट’. (अमेरिकेंत शाळेच्या विषयांपुरतें ‘गुड इन’ चालतें, हें आमच्या मुलांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.)

या ‘गुड’ची गंमत गृहिणींनीं अवश्य पाहावी. हल्लीं परदेशांतील स्थळाकडे मुलीची माहिती इंग्रजींतच पाठविण्याची रीत पडली आहे. ‘गुड ॲट कुकिंग’ म्हणजे स्वयंपाकांत तरबेज. ‘गुड विथ चिल्ड्रन’ म्हणजे मुलांना सांभाळण्याची हातोटी असलेली. ‘गुड टु चिल्ड्रन’ म्हणजे मुलांशीं मायेनें वागणारी. आणि ‘गुड फॉर चिल्ड्रन’? हें बहुधा दुधाविषयीं म्हणावयाचें. एका परिचितांच्या पत्रांत हें शेवटचें वाक्य आम्हीं पाहिलें. मुलीचें लग्न झालें, पण कित्येक दिवस तिच्या दिरांनीं तिला टॉनिक म्हणून हांक मारली!

सर्वच वेळीं मात्र प्रकरण हंसण्यावारी जात नाहीं. आमचा एक पुतण्या पालघराहून रोज बोईसरास जातो. तेथील एका रसायनाच्या कारखान्यांत तो पाळीवर काम करतो. गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं त्याच्या विभागांतील टाकीची झडप गळली. कोणास इजा झाली नाहीं. पण चौकशी लागली आणि त्याच्याकडून इंग्रजींत लेखी खुलासा मागण्यांत आला. त्या रात्रीं विभागाची देखरेख आपल्याकडे होती, एवढेंच त्यास म्हणावयाचें होतें. त्यानें लिहिलें, ‘आय वॉज रिस्पॉन्सिबल फॉर द लीकेज दॅट नाइट.’ सकाळीं कागद आमच्यापुढें ठेवून तो म्हणाला, “काका, इंग्रजी एकदां पाहतां का?”

आम्हीं पाहिलें आणि चहा तसाच राहिला. मराठींत ‘टाकीची जबाबदारी माझ्याकडे’ आणि ‘गळतीला मी जबाबदार’ हे दोन अगदीं वेगळे सांचे आहेत. इंग्रजींत दोहोंस एकच ‘रिस्पॉन्सिबल फॉर’. पुढें टाकी किंवा विभाग आला तर अर्थ सांभाळ करणारा. गळती किंवा अपघात आला तर अर्थ त्यास कारण झालेला. वरिष्ठास जाब देणारा म्हणावयाचें असेल तर ‘रिस्पॉन्सिबल टु’. मुलानें एक शब्द चुकीच्या जागीं ठेवून आपल्या हातानें कबुलीजबाब लिहिला होता! आम्हीं त्याला नवा कागद घेण्यास सांगितलें : अमुक विभागास ‘रिस्पॉन्सिबल फॉर’, पाळीच्या मुख्यास ‘रिस्पॉन्सिबल टु’; आणि झडप बदलावी अशी नोंद दोन दिवस आधीं वहींत केलेली आहे. ती वही चौकशींत पाहिली गेली व मुलगा कामावर राहिला. पहिला कागद गेला असता तर वही उघडण्याची तसदी कोणी घेतली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

कोठें कोठें कारण सांपडतें. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ हीं मूळचीं लॅटिन भाषेंतील तुलनावाचक रूपें. त्यांस इंग्रजी ‘दॅन’ चालत नाहीं, ‘टु’च लागतो. कचेरींतील ‘सीनियर दॅन मी’ येथेंच अडखळतें. परंतु ‘डिपेंडंट ऑन’ आणि त्याच्याच उलट ‘इंडिपेंडंट ऑफ’ कां, याला नियम शोधीत बसूं नये. जुन्या पिढीनें इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर गिरविलें. ज्या तर्खड गांवावरून हें आडनांव आलें तें वसईजवळचें, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ रोजीं झालेल्या आमच्या पालघर जिल्ह्यांतलेंच. म्हणून त्या पुस्तकाविषयीं आम्हांस थोडा अधिक जिव्हाळा. तरी भाषांतर करणाराचें मन मराठी प्रत्ययाकडे ओढ घेतेंच. त्यापेक्षां मुलांनीं वहींत नुसतें ‘अफ्रेड’ न लिहितां ‘अफ्रेड ऑफ’ असें जोडीनेंच लिहावें, वस्तूवर राग असेल तर ‘अँग्री ॲट’ आणि माणसावर असेल तर बहुधा ‘अँग्री विथ’ असें वाक्यासह टिपावें.

बहुधा म्हणण्याचें कारण असें कीं, प्रत्यक्ष वापर पुस्तकापुढें धांवत असतो. ‘डिफरंट’पुढें ‘फ्रॉम’च हवें, ‘टु’ नको, हा हट्ट फाउलर यांनीं १९२६ सालच्या आपल्या कोशांत भ्रामक समजूत ठरविला. अमेरिकेंत तर ‘डिफरंट दॅन’ सर्रास ऐकूं येतें. परीक्षेपुरतें ‘फ्रॉम’ सुरक्षित. आमच्या घरीं सध्यां ‘बोअर्ड’वरून वाद चालू आहे. आम्ही ‘बोअर्ड विथ’ म्हणतों, नातवंडें ‘बोअर्ड ऑफ’ म्हणतात. आणि विलायतेंतील तरुण मंडळीहि आतां तसेंच बोलतात, हें मुलांनीं आम्हांस वर्तमानपत्र काढून दाखविलें आहे.