स्वच्छ विसरणारा कपॅसिटर

मराठवाड्यातल्या शिरूर कासारचं नाव घेतलं की आधी पितळेची भांडी डोळ्यांपुढे येतात. कासाराकडचं भांडं कल्हईला गेलं, की 232 अंशांना वितळणारं कथील त्याच्या पोटातून फिरतं आणि भांड्याचं काही बिघडत नाही. घरी सिंथेसायझर बांधणाऱ्याच्या हाती तेच कथील शिशात मिसळून येतं, 183 अंशांना वितळतं. पण डाख द्यायचा असतो तो कधी पॉलिस्टायरीनच्या कपॅसिटरला, आणि त्याचा काचेसारखा पडदा 85 अंशांपर्यंतच निभावतो, शंभरच्या आसपास मऊ पडतो. इतका हळवा भाग घ्यावाच कशाला? माझ्या मते घ्यावा, पण एकाच जागी. आणि ती जागा बहुतेकांना वाटते ती नव्हे.

बहुतेकांना वाटतं, तो स्वर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरमध्ये हवा. मराठवाड्यात डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत पंचवीस अंशांचं अंतर सहज पडतं. तेवढ्यात साधा पॉलिस्टर कपॅसिटर सुमारे एक टक्का बदलतो आणि स्वर 17 सेंटनी सरकतो (सेंट हे स्वरांतराचं बारीक माप). प्रमाणश्रुतीच 22 सेंटची, म्हणजे कानाला हे खुपणारच. पॉलिस्टायरीन पाचेक सेंटवर थांबतं. यावर जाणकार म्हणतील, त्याच उन्हात व्होल्टेजचा स्वर करणारी ट्रान्झिस्टरची जोडी सप्तकभर दूरचा स्वर शंभर सेंटनी चुकवते, तिथे कपॅसिटरचं काय घेऊन बसलात? आक्षेप रास्त आहे. त्या जोडीला उष्णतेची चूक भरून काढणारा रेझिस्टर आधी चिकटवावा. पण तो चिकटवल्यावर उरते ती चूक बरीचशी कपॅसिटरचीच. मुंबईत चरणजित सिंग यांनी 1982 साली दहा राग सिंथेसायझरवर वाजवले, त्यांच्या ज्युपिटर-8 ला स्वर आपोआप जुळवून घेण्याची सोय होती. घरच्या यंत्राला ती नसते. दुसरा आक्षेप मात्र मी पुरता मान्य करतो: सीझिरोजी जातीचा सिरॅमिक कपॅसिटर पंचवीस अंशांत जेमतेम सव्वा सेंट हलतो, 125 अंश सोसतो, आणि स्वस्तही पडतो. ऑसिलेटरची जागा त्याचीच.

पॉलिस्टायरीनचा खरा गुण वेगळा आहे. ते स्वच्छ विसरतं. पट्टीवरून बोट उचलल्यावरही स्वर टिकावा म्हणून एक कपॅसिटर त्या स्वराचा व्होल्टेज धरून ठेवतो. सप्तकाला एक व्होल्ट या हिशेबात त्याच सीझिरोजी सिरॅमिकच्या अंगात आधीच्या व्होल्टेजची 0.6 टक्क्यापर्यंत खूण उरते, म्हणजे सप्तकाची उडी घेतल्यावर नव्या षड्जात जुन्याचे सात सेंट मिसळू शकतात. पॉलिस्टायरीनमध्ये ती खूण 0.02 टक्क्याच्या घरात, पाव सेंट. मला यात तानपुरा आठवतो: नवी तार छेडताना मागची तार आपल्या जागी निर्मळ वाजत असावी, नवीत घुसू नये. एवढ्यासाठी सोल्डरिंगची जोखीम पत्करावी.

जोखीम हाताने आवरता येते. हा भाग बोर्डावर सगळ्यांत शेवटी बसवावा, पाय लांब ठेवावेत, धड आणि जोड यांच्या मधे धातूचा चिमटा लावावा. उष्णता पडद्याआधी त्यात शिरते. दोन-तीन सेकंदांत एक पाय उरकावा, तो गार होऊ द्यावा, मगच दुसरा. घाईत पडदा आक्रसतो, बाहेरून काही दिसतही नाही, नि मोजमाप बदललेलं असतं. म्हणून मीटरवर आधी आणि नंतर मोजावं. राळ पुसायला थिनर नको, पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा पुरतो, तोही फक्त जोडावर.