नेपच्यूनची बदली

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या वडिलांनी त्यात पोलीस कचेरीचा फूटपाथही धरला होता. त्यामुळे मुंबईतली रीगल सिनेमासमोरची राज्य पोलीस मुख्यालयाची इमारत मी वीस वर्षं पलीकडून, मान खाली घालून पाहिली. म्हणजे पाहिलीच नाही.

परवा, चष्मा नवा होता म्हणून असेल, मान वर गेली. निळसर काळा दगड, कमानी, लांबलचक व्हरांडे. आणि वर दर्शनी त्रिकोणात चक्क समुद्रदेव नेपच्यून! पोलिसांकडे याचं काय काम? घरी येऊन पुस्तक काढलं. इमारत मुळात खलाशांची धर्मशाळा! राणीच्या मुलाच्या, आल्फ्रेडच्या नावाची. पैसे मात्र बडोद्याच्या खंडेराव महाराजांचे. (नाव एकाचं, चेक दुसऱ्याचा. आमच्या बँकेत हे चालत नाही.) बांधणारे स्टीव्हन्ससाहेब, म्हणजे पुढं व्हीटी बांधली तेच. १८७६ साली काम पुरं झालं. १९२८ साली खलाशांच्या जागी कायदेमंडळ आलं, १९८२ पासून पोलीस. तीन खातेदार झाले, पण नेपच्यूनची बदली नाही! आमच्या शाखेत असा एकच माणूस आहे, तो शिपाई.

दुसऱ्या दिवशी कैलासवासी वडिलांची मनोमन क्षमा मागून रस्ता ओलांडला.

"काय बघताय?" दारावरच्या हवालदारानं विचारलं.

घशाला कोरड. "दे... देव," मी म्हणालो.

त्यानं टोपी सावरत वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"च्यायला," तो म्हणाला, "आन् मी सात वर्षं हितं उभा!"