सरपण फोडण्याचे यंत्र घेण्याआधी



घरोघरी गॅस आला, तरी अंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण आणि लग्नकार्याचा स्वयंपाक यांना सरपण लागतेच. गेल्या माघात माझा पुतण्या म्हणाला, "काका, ट्रॅक्टरला जोडायचा आट्यांचा शंकू मिळतो. ओंडका टेकवला की फाटतो. घेऊ का?"

मला १९९१ साल आठवले. मी कृषी महाविद्यालयातून सुट्टीला आलो होतो. आमचे आप्पा, म्हणजे या पुतण्याचे आजोबा, बाभळीचा ओंडका फोडत होते. लोखंडी पाचरीचे डोके घणाच्या घावांनी भूछत्रासारखे फुलारले होते, कडा चिरल्या होत्या. ते घासून घ्यायला हवे, हे मला कळत होते. पण एवढा एक ओंडका होऊ दे म्हणून पाचर मीच लावून दिली. तिसऱ्या-चौथ्या घावाला कपची उडाली ती आप्पांच्या उजव्या डोळ्यात. त्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच. आप्पा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

म्हणून पुतण्याला सांगितले ते तुम्हालाही सांगतो. तो शंकू घरी आणू नका. तो सतत फिरत असतो. ओंडका अडकला तर गरकन फिरून माणसाला तडाखा देतो. पदर किंवा बाही गुंडाळली गेली, तर ट्रॅक्टर बंद करीपर्यंत वेळ हातात राहत नाही. आणि सरपणापाशी घरातल्या बायकाच जास्त असतात.

यंत्रच हवे असेल तर तेलाच्या दाबावर चालणारे पाहा. त्यातला दट्ट्या सावकाश सरकतो. दोन्ही हात दांड्यांवर असले तरच चालेल आणि सोडले की थांबेल, असेच घ्या. एक दांडा दोरीने बांधून ठेवण्याची हुशारी कोणी करू नये. विजेवरच्या लहान यंत्रात साधारण दीड-पावणेदोन फुटांपर्यंतचाच ओंडका बसतो आणि दाब कमी असला की मोटार तापते. दुकानात जाताना आपल्याच बांधावरचा गाठीचा ओंडका बरोबर न्या. दुकानदाराचे सरळ लाकूड कोणत्याही यंत्रात फुटते!

वर्षाला दोन-तीन गाड्या सरपण लागणाऱ्या घराला मात्र यंत्राचा खर्च कशाला? तोडायची कुऱ्हाड पातळ पात्याची असते, ती ओंडक्यात रुतून बसते. फोडायला जाड गालांची, अडीच-तीन किलोंची कुऱ्हाड करून घ्या. दांडा धामणीचा असावा. ते लाकूड लवचिक, हाताला झिणझिण्या कमी येतात. बाभूळ ओली असतानाच फोडा, वाळली की लोखंड होते. फोडलेले लाकूड उन्हाळाभर वाळवून मृगाच्या आत पडवीत रचा. ओल्या सरपणाचा धूर शेवटी चुलीपुढे बसणारीच्याच छातीत जातो.

पुतण्याने शंकूचा नाद सोडला. कुऱ्हाड केली, डोळ्यांना चष्मा आणला, जुनी पाचर घासून आप्पांपुढे ठेवली. आप्पांनी तिच्या डोक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "या बाजूला अजून कड हाय. घास."