त्सावोचे लाल हत्ती आणि वसईचं जहाज

हनिमूनला आम्ही केरळला गेलो होतो. त्यानंतर तीन वर्षं 'कुठेतरी मस्त फॉरेन ट्रिप' हा विषय दर रविवारी निघायचा आणि ईएमआयचा मेसेज आला की बंद व्हायचा. मग एका संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "केनियाला जाऊया?" मी उडीच मारणार होते, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "म्हणजे, कंपनी दोन वर्षांसाठी नैरोबीला पाठवतेय. आधी बघून तर येऊ."

"आणि माझ्या कामाचं काय?"

"तुझं काय, तू फ्रीलान्सर आहेस. कुठूनही लिहिशील."

हे वाक्य मी पुढचे दहा दिवस बॅगेत घालून फिरवलं.

मुंबईहून नैरोबी जेमतेम सहा तास. पण नैरोबी शेवटी, असं मी आधीच बजावलं होतं. आधी सुट्टी, मग नोकरी. त्यामुळे विमानतळावरूनच दुसरं विमान पकडून आम्ही थेट मोम्बासाला उतरलो. समुद्र, नारळ आणि चिकट घाम. परदेशात आल्यासारखं वाटेचना! त्यात स्वाहिली भाषा आपली फिरकी घेतेय की काय असं वाटावं अशी. गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', दुकानाला 'डुका'. चपाती मागितली की चपातीच येते.

मोम्बासात बघायचा तो फोर्ट जीझस. पोर्तुगीजांनी 1593 ते 1596 मध्ये बांधलेला, प्रवाळाच्या दगडाचा, उन्हात पिवळट गुलाबी दिसणारा किल्ला. आत शिरल्यावर मला एकदम वसई आठवली. त्यात नवल नाही म्हणा, दोन्ही ठिकाणचा कारभार गोव्यातूनच चालायचा. नवरा तटावर उभा राहून समुद्राचे फोटो काढत होता, मी आत म्युझियममध्ये पाट्या वाचत होते. आणि तिथे ते जहाज भेटलं. 'सांतु आंतोनियु द तान्ना'. बांधणी वसईची, शेवटचा हात गोव्यात, साल 1681. ओमानच्या अरबांनी 1696 मध्ये या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा कुमक घेऊन हे जहाज इथे आलं आणि 1697 मध्ये किल्ल्यासमोरच बुडालं. वेढा पावणेतीन वर्षं चालला. डिसेंबर 1698 मध्ये किल्ला पडला. जहाज मात्र खाली चिखलात पडून राहिलं ते 1977 पर्यंत. मग पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी त्यातल्या वस्तू वर काढायला सुरुवात केली.

मी ठाण्याची. 'तान्ना' वाचून ओरडलेच. नवरा धावत आला, पाटी वाचली आणि म्हणाला, "बघ, तुमची माणसं इथेही आधीच पोचलेली." तो हसला, मीही हसले, पण डोक्यात काहीतरी सुरू झालं. वसईच्या किल्ल्यात आता प्री-वेडिंग शूट चालतात. तिथल्या कुठल्या सुतारांनी हे जहाज उभं केलं असेल? त्यांना मोम्बासा कुठेय हे तरी ठाऊक होतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळची ट्रेन. 2017 मध्ये सुरू झालेली ही नवी रेल्वे जंगलातून जाते ती उंच भरावावरून आणि पुलांवरून. खालून हत्तींना जायला वाटा ठेवल्यात. वोई स्टेशनला उतरलो, गाईड गाडी घेऊन हजर होता आणि तासाभरात आम्ही त्सावो ईस्टमध्ये.

डिस्कव्हरी चॅनलवर न दिसणारी पहिली गोष्ट म्हणजे धूळ. माती इतकी लाल की संध्याकाळी माझा पांढरा टॉप विटकरी झाला होता. हत्तीही तसेच. ते ही माती अंगावर उडवून घेतात, त्यामुळे अख्खा कळप गेरूत बुडवून काढल्यासारखा. सिंह दिसला तोही झुडपाखाली आडवा, जेवून पंख्याखाली लवंडलेल्या काकांसारखा. आणि आयाळ जवळजवळ नाहीच! त्सावोतल्या बऱ्याच नरांना ती नावापुरतीच असते. नवऱ्याचा थोडा अपेक्षाभंग झाला.

त्याची भरपाई हत्तिणीने केली. वळणावर ती रस्त्यातच उभी होती, पोटाशी पिल्लू. गाईडने इंजिन बंद केलं. तिने कान पसरले, सोंड उचलली आणि सरळ आमच्याकडे धावत सुटली. किंचाळायलाही जमलं नाही हो. दहा-बारा पावलांवर ती थांबली. धूळ आमच्या अंगावर आली, ती नाही. गाईड समोर बघत फक्त "पोले पोले" म्हणत होता, म्हणजे हळूहळू, सबुरीने. हे तिला होतं की आम्हाला, विचारायचं राहिलं. ती पिल्लाला घेऊन झाडीत गेल्यावर मला कळलं की नवऱ्याने माझा हात गच्च धरलाय. कॅमेरा त्याच्या पायाशी पडला होता. एकही फोटो नाही.

तिसऱ्या दिवशी त्सावो नदीवरचा रेल्वे पूल पाहिला. बघायला पाच मिनिटं लागतात. 1898 मध्ये इंग्रज इथे मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी रेल्वे टाकत होते आणि दोन सिंह रात्री तंबूंतून मजूर ओढून नेत होते. शेवटी मजुरांनी काम टाकून पळ काढला. पॅटरसन या इंजिनिअरने डिसेंबरात दोन्ही सिंह मारले. बळींचा आकडा त्याने पुढे 135 सांगितला. 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी सिंहांच्या हाडा-केसांवरून काढलेला अंदाज साधारण 35चा आहे. ते सिंह शिकागोच्या म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलेत. 2024 मध्ये त्यांच्या तुटलेल्या दातांत अडकलेल्या केसांचा डीएनए तपासला, त्यात झेब्रा, जिराफ निघाले आणि माणूसही.

ते मजूर आपल्याकडचेच, बहुतेक पंजाबातले. उंगन सिंग या जमादाराचं नाव पॅटरसनने लिहून ठेवलं म्हणून राहिलं. या रेल्वेसाठी भारतातून सुमारे 32,000 माणसं आणली होती, त्यातली अडीच हजारांच्या आसपास मेली. सिंहांनी थोडीच, बाकी ताप आणि अपघातांनी.

"करार किती वर्षांचा असायचा?" नवऱ्याने विचारलं.

"तीन."

"बायकापोरं?"

"बहुतेकांची गावीच."

तो बराच वेळ नदीकडे बघत होता. मग म्हणाला, "मी एकटा गेलो तर?" मला राग आला नाही. पहिल्यांदाच त्याने मला न धरता प्रश्न विचारला होता, आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं.

जाणार असाल तर एवढं कराच. यलो फीव्हरची लस निदान दहा दिवस आधी घ्या. कार्ड नसेल तर परतल्यावर भारतात क्वारंटाइनमध्ये बसावं लागू शकतं. 2024 पासून व्हिसा नाही, ऑनलाइन परवानगी काढायची. प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा भाकरवडी डब्यात न्या. सीझन जून ते ऑक्टोबर बेस्ट, गवत कमी असतं.

शेवटचे दोन दिवस नैरोबी. नवरा मीटिंगला गेला, मी पार्कलँड्समध्ये भटकले. मेथीची जुडी मिळते, कारलीही मिळतात. दुपारी तो फॉर्मचा गठ्ठा घेऊन आला. माझ्या फॉर्मवर लिहिलं होतं, 'डिपेंडंट'. या पासवर तिथे काम करता येत नाही, त्याला वेगळं परमिट लागतं. म्हणजे 'कुठूनही लिहिशील' हे इतकं सोपं नव्हतं तर! त्याने दोनदा वाचलं आणि ओशाळून फॉर्म उलटा ठेवला.

परतीच्या विमानात, दिवे घालवल्यावर, त्याने विचारलं, "मग? काय करायचं?"

"मला तो किल्ला पुन्हा बघायचाय. त्या जहाजावर नीट स्टोरी करायचीय. आधी वसईला जाईन."

"म्हणजे हो?"

"म्हणजे आधी माझ्या परमिटचं विचार. मग बोलू."